एअर-कूल्ड चिलर कसा बंद करायचा, कसा धुवायचा आणि कुठे हात लावायचा नाही

चिलर म्हणजे इमारतीसाठी पाणी थंड करणारं मशीन; एअर-कूल्ड चिलर त्या पाण्यातली उष्णता बाहेरच्या हवेत टाकतो. चिलरच्या कामाला नव्याने लागलेल्या माणसाच्या हातात बहुतेक ठिकाणी सगळ्यात आधी पाण्याचा पाइप येतो. "कॉइल धुऊन टाक," एवढंच सांगितलं जातं. गेज लावणं, गॅस तपासणं, पॅनल उघडणं ही जाणत्यांची कामं आणि धुणं कुणालाही जमेल असं किरकोळ काम, अशी त्यामागची समजूत. ती मशीनला महाग पडते, कधीकधी माणसालाही. एअर-कूल्ड चिलर किती वीज खाणार, ऐन उन्हाळ्यात ट्रिप होणार (म्हणजे सुरक्षेसाठी आपोआप बंद पडणार) की नाही, कॉम्प्रेसर किती वर्षं टिकणार, यातलं बरंचसं कंडेन्सर कॉइलच्या, म्हणजे उष्णता हवेत टाकणाऱ्या नळ्यांच्या जाळीच्या, स्वच्छतेवर ठरतं. आणि चुकीच्या पद्धतीने धुतलेली कॉइल एका दुपारीत कायमची बिघडते. म्हणून या लेखात दोन गोष्टींवर जास्त वेळ घालवणार आहे: मशीन खऱ्या अर्थाने बंद कशी करायची आणि कॉइल कशी धुवायची. बाकीची देखभाल नवख्याला लागेल तेवढीच.

आत काय चालतं

इमारतीतून परत आलेलं पाणी चिलरमध्ये साधारण १२ अंश सेल्सिअसला शिरतं आणि ७ अंशांना बाहेर पडतं. पाण्यातली उष्णता इव्हॅपोरेटरमध्ये गॅस (रेफ्रिजरंट) घेतो, कॉम्प्रेसर तो गॅस दाबतो, आणि दाबामुळे तापलेला गॅस कंडेन्सर कॉइलमधून जाताना उष्णता बाहेरच्या हवेला देऊन द्रव होतो. तिथून तो एक्स्पान्शन व्हॉल्व्हमधून पुन्हा इव्हॅपोरेटरकडे जातो. वरचे फॅन हवा कॉइलच्या बाहेरच्या बाजूने आत ओढतात आणि वर फेकतात. हवेची ही दिशा लक्षात ठेवा, धुताना तिचाच उपयोग होणार आहे.

उष्णता हवेला द्यायची तर गॅस हवेपेक्षा गरम असावा लागतो. बाहेर ३५ अंश असताना स्वच्छ कॉइलमध्ये गॅस साधारण ४५ ते ५० अंशांना द्रव होतो. कॉइलवर धूळ बसली की हवा कमी येते आणि तेवढीच उष्णता बाहेर टाकायला गॅसला ५५ अंशांपर्यंत किंवा त्याच्याही वर जावं लागतं. कंडेन्सिंग तापमान, म्हणजे गॅस द्रव होतो ते तापमान, एका अंशाने वाढलं की कॉम्प्रेसर ढोबळमानाने २ ते ३ टक्के जास्त वीज घेतो. म्हणजे धुळीने ५ अंश वाढवले तर १० ते १५ टक्के वीज नुसती त्या धुळीपायी जाते. त्याहून पुढे गेलं की हाय प्रेशरवर मशीन ट्रिप.

कंडेन्सिंग तापमानातून कॉइलजवळच्या हवेचं तापमान वजा केलं की जो आकडा येतो, त्याला या लेखात मी 'फरक' म्हणणार आहे. बहुतेक कंट्रोलर कंडेन्सिंग तापमान थेट पडद्यावर दाखवतात. हवेचं तापमान मात्र कॉइलच्या तोंडाशी मोजा, हवामानखात्याचं घेऊ नका. चिलर भिंतीला चिकटून असेल किंवा आजूबाजूला सामान रचलेलं असेल, तर वर फेकलेली गरम हवा फिरून पुन्हा कॉइलमध्येच येते. अशा वेळी कॉइल कितीही धुतली तरी काही होत नाही, आधी सामान हलवावं लागतं.

धोका कुठेकुठे आहे

गॅस दाबाखाली असतो, मशीन चालू असो वा बंद. आर-१३४ए गॅस ५० अंशांना गेजवर साधारण १२ बार दाखवतो, तर आर-४१०ए त्याच तापमानाला ३० बारच्या आसपास. द्रव गॅस हवेत सुटला की झपाट्याने उकळतो; आर-१३४एचा उत्कलनबिंदू उणे २६ अंश आहे आणि आर-४१०एचा उणे ५० अंशांच्याही खाली. तो त्वचेवर पडला तर कातडी गोठते, डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते. हे गॅस हवेपेक्षा जड असल्याने खड्ड्यात, तळघरात, बंदिस्त खोलीत साचतात आणि श्वासाची हवा बाजूला सारतात. ज्योतीच्या संपर्कात आले तर त्यांच्यापासून हायड्रोजन फ्लोराइडसारखे विषारी वायू तयार होतात. म्हणून गळती असलेल्या मशीनजवळ विडी-सिगारेट, ज्योतीचा टॉर्च, वेल्डिंग काहीही नको.

नव्या मशीनमध्ये आर-३२ किंवा आर-१२३४झेडई असू शकतो. ॲश्रे या अमेरिकी अभियंता संस्थेच्या ३४ क्रमांकाच्या मानकात यांचा वर्ग 'ए२एल' आहे, म्हणजे विषारीपणा कमी, पण सौम्य ज्वलनशील. आर-१३४ए आणि आर-४१०ए हे 'ए१' म्हणजे ज्वाला न पसरवणारे. मशीनच्या नेमप्लेटवर गॅसचं नाव आणि वजन लिहिलेलं असतं. पहिल्या दिवशी तेच वाचा आणि वहीत उतरवून घ्या.

याशिवाय तीन फेजची वीज, न सांगता फिरू लागणारे फॅन, हात भाजेल एवढी तापलेली डिस्चार्ज लाइन, कॉइलच्या पात्यासारख्या धारदार फिन्स (पातळ पट्ट्या), आणि मशीन गच्चीवर असेल तर पडण्याची भीती. फॅनची जाळी माणसाचं वजन पेलायला बनवलेली नसते, तिच्यावर पाय ठेवू नका. आणि एकट्याने काम करू नका. आवाज ऐकू येईल एवढ्या अंतरावर दुसरा माणूस हवाच, आणि मेन स्विच कुठे आहे हे त्याला माहीत हवं.

कापसाचे नव्हे, जाड आणि कापले न जाणारे हातमोजे, बाजूने बंद असलेला चष्मा, न घसरणारे बूट, चालू मशीनजवळ कानाला प्लग. केमिकल वापरायचं असेल तर रबरी हातमोजे आणि तोंडावर फेस शील्ड.

मशीन बंद करणं

बंद दिसणारा चिलर बंद असतोच असं नाही. पाण्याचं तापमान सेटपॉइंटला (ठरवून दिलेल्या तापमानाला) पोचलं की कॉम्प्रेसर थांबतात, फॅन थांबतात, सगळं शांत होतं, आणि पाणी पुन्हा एक-दोन अंशांनी तापलं की सगळं आपोआप सुरू होतं. नवख्या माणसाचा हात फॅनमध्ये जाण्याचं कारण बहुधा हेच असतं. कंट्रोलरवर 'ऑफ' केलं म्हणजेही काम झालं नाही, कारण कंट्रोल रूममधून कुणी दूरवरून 'ऑन' करू शकतो आणि पॅनलमध्ये वीज तर असतेच.

पहिली पायरी म्हणजे बंद करण्याआधीच्या नोंदी. मशीन भारावर चालू असताना हवेचं तापमान, पाणी आत-बाहेर, दोन्ही बाजूंचे दाब, प्रत्येक कॉम्प्रेसरचा करंट, कंडेन्सिंग तापमान आणि त्यातून निघणारा फरक, आणि अलार्मची मागची यादी लिहून घ्या. या नोंदी नसतील तर धुण्याने काय साधलं ते कधीच कळणार नाही.

मग ज्यांना थंड पाणी लागतं त्यांना कळवून चिलर कंट्रोलरवरूनच बंद करा, सरळ मेन स्विच ओढू नका. कंट्रोलरवरून थांबवलं तर मशीन आपल्या क्रमाने भार उतरवते, काही मशीन गॅस एका बाजूला ओढून घेऊन मगच थांबतात. भारावर असताना आयसोलेटर (वीज तोडणारा मेन स्विच) ओढला तर त्याच्या संपर्कांवर ठिणगी उडते आणि तेलही नको तिथे राहून जातं. चिल्ड वॉटरचा पंप कॉम्प्रेसर थांबल्यावर आणखी काही मिनिटं चालू राहू द्या.

त्यानंतर मेन आयसोलेटर ऑफ करून त्याला कुलूप घाला. कुलपावर टॅग लावा, त्यावर तुमचं नाव, वेळ आणि काम. किल्ली तुमच्याच खिशात. कामावर तीन जण असतील तर तीन कुलपं, प्रत्येकाचं वेगळं. आपलं काम संपल्यावर जो-तो आपलं कुलूप काढतो आणि शेवटचं निघाल्याशिवाय वीज येत नाही. दुसऱ्याचं कुलूप 'तो जेवायला गेलाय' म्हणून काढणं हा या धंद्यातला अक्षम्य गुन्हा आहे असं माझं ठाम मत आहे.

इथे एक गोष्ट बऱ्याच जणांकडून सुटते. मेन ऑफ केला तरी कॉम्प्रेसरच्या तेलाचा हीटर, इव्हॅपोरेटरचा हीटर किंवा कंट्रोल सर्किट यांना दुसरीकडून वेगळा सप्लाय असू शकतो. पंपाच्या इंटरलॉकची आणि इमारतीच्या कंट्रोल सिस्टिमची वायरही बाहेरून पॅनलमध्ये येते. वायरिंगच्या नकाशात हे सगळे सप्लाय शोधा आणि प्रत्येकाला कुलूप घाला. ड्राइव्ह (मोटरचा वेग बदलणारं इलेक्ट्रॉनिक उपकरण) असलेल्या मशीनमध्ये मेन ऑफ झाल्यावरही कपॅसिटरमध्ये प्राणघातक व्होल्टेज राहतं. ते उतरायला किती मिनिटं थांबायचं हे ड्राइव्हवरच्या पट्टीवर लिहिलेलं असतं, तेवढं घड्याळ लावून थांबा.

आता मीटरने खात्री. आधी मल्टिमीटर एखाद्या चालू सप्लायवर लावून तो बरोबर दाखवतो ना ते बघा. मग आपल्या पॅनलमध्ये फेज-फेज आणि फेज-अर्थ असं सगळीकडे मोजा. शेवटी मीटर पुन्हा त्या चालू सप्लायवर लावा. मधल्या मोजणीत शून्य आलं ते लाइन गेली म्हणून की मीटर बिघडला म्हणून, हे या शेवटच्या मोजणीशिवाय कळत नाही. ही तपासणी चालू पॅनलसमोर होते, त्यामुळे ती अधिकृत इलेक्ट्रिशियननेच करावी; नवख्याने ती लांबून बघावी आणि ती होईपर्यंत पॅनलजवळ जाऊ नये.

वीज गेल्यावरही वाऱ्याने फॅन फिरतात. जुन्या मोटरचा फॅन फिरला तर फक्त पात्याचा धोका असतो. कायम चुंबकाच्या नव्या ईसी मोटर मात्र वाऱ्याने फिरताना स्वतः वीज तयार करतात. म्हणून पातं अडकवून स्थिर करा, मगच हात घाला.

हिवाळ्यात पाणी गोठेल अशा ठिकाणी आणखी एक खबरदारी. इव्हॅपोरेटरचा हीटर बंद राहणार असेल तर काम चालू असताना पंप सुरू ठेवून पाणी फिरतं ठेवा किंवा पाणी काढून टाका. पाण्यात पुरेसं ग्लायकॉल (पाणी गोठू न देणारं द्रव्य) असेल तर ही चिंता नसते.

कॉइल धुणं

आधी कॉइल ओळखा. एक प्रकार तांब्याच्या गोल नळ्यांवर ॲल्युमिनियमच्या पातळ फिन्स बसवलेला, दुसरा मायक्रोचॅनेल, म्हणजे चपट्या ॲल्युमिनियमच्या नळ्या आणि त्यांच्यामध्ये नागमोडी बारीक फिन्स. मायक्रोचॅनेल कॉइल पातळ आणि हलकी असते, संपूर्ण ॲल्युमिनियमची असल्याने केमिकलला नाजूक असते, आणि तिच्या नळीला भोक पडलं तर दुरुस्ती अवघड. बहुतेकदा पूर्ण कॉइलच बदलावी लागते. काही कॉइलवर गंजरोधक लेप असतो, तो काळा किंवा रंगीत दिसतो. यातलं आपल्यासमोर काय आहे हे ठरल्याशिवाय पाइप उघडू नका.

वेळ निवडताना सकाळ बरी. भार कमी असतो, मशीन थांबवायला परवानगी मिळते, आणि ऊन नसल्याने केमिकल कॉइलवर वाळून चिकटत नाही. थांबवल्यावर कॉइल हाताला कोमट लागेपर्यंत निवू द्या.

पाण्याआधी कोरडी सफाई. बाहेरच्या बाजूला पाला, कागद, पिसं, तंतू, धूळ यांचा थर बसलेला असतो. त्यावर थेट पाणी मारलं तर त्याचा चिखल होतो आणि तो फिन्सच्या आत जाऊन बसतो. बाहेरून दिसणारी कॉइल चकचकीत, आतून मात्र आधीपेक्षा जास्त बंद. म्हणून मऊ ब्रशचं तोंड लावलेल्या व्हॅक्यूमने किंवा मऊ केसांच्या ब्रशने थर काढून घ्या. ब्रश नेहमी फिन्सच्या रेषेत चालवायचा, आडवा कधीच नाही. तारेचा ब्रश तर जवळही आणू नका.

पक्ष्यांची विष्ठा किंवा घरटी असतील तर कोरडं खरवडू नका. तिच्या धुळीतून फुफ्फुसाचे आजार होतात. आधी हलकं पाणी शिंपडून ओलं करा, मास्क लावा, पिशवीत भरून बांधा.

पॅनल, फॅनच्या मोटरचे टर्मिनल बॉक्स, ड्राइव्ह आणि सेन्सरचे जोड प्लास्टिकने झाका. किती झाकणं लावली ते मोजून वहीत लिहा, कारण विसरलेलं प्लास्टिक फॅनमध्ये जातं किंवा ड्राइव्हची हवा अडवून त्याला तापवतं.

आता पाणी. हवा बाहेरून आत जाते, म्हणून घाण बाहेरच्या तोंडाला अडकते. तिला आली त्याच वाटेने बाहेर ढकलायचं, म्हणजे पाणी आतून बाहेर मारायचं. व्ही आकाराच्या चिलरमध्ये आत जाण्यासाठी सर्व्हिसचं दार किंवा बाजूचे पत्रे उघडावे लागतात, काहींमध्ये वरचा फॅन उचलावा लागतो. ही मेहनत घ्यावी. आत जाणं अगदीच अशक्य असेल तर बाहेरून धुवा, पण पाण्याचा जोर कमी ठेवून वरून खाली, आणि जास्त वेळ देऊन.

धार कॉइलच्या पृष्ठभागाला काटकोनात ठेवा. तिरकी धार फिन्स आडव्या पाडते, आणि आडव्या पडलेल्या फिन्स धुळीपेक्षाही जास्त हवा अडवतात. साध्या बागेच्या पाइपाचा जोर बहुतेक वेळा पुरतो. प्रेशर वॉशरबाबत माझा सल्ला सरळ आहे: नवख्याने तो हातात घेऊ नये. काही उत्पादक ठरावीक दाब, नोझल आणि अंतर सांगून परवानगी देतात, ते मॅन्युअलमध्ये आकड्यांसह लिहिलेलं असतं. ते आकडे वाचलेल्या आणि गेज लावून पाळणाऱ्या माणसानेच तो वापरावा. वाहनं धुवायचा वॉशर आणून 'लांबून मारतो' म्हणणाऱ्याला कॉइलपाशी उभं करू नका.

वरच्या कडेपासून सुरू करून पट्ट्यापट्ट्याने खाली या. खालून निथळणारं पाणी आधी काळं, मग राखाडी येतं. ते नितळ येईपर्यंत त्याच पट्ट्यावर थांबा. घाई झाली की वरची घाण खाली येऊन साचते आणि खालचा तिसरा हिस्सा तसाच बंद राहतो. जुन्या मशीनमध्ये एकामागे एक अशा दोन कॉइल असतात. त्यांच्या मधल्या फटीत जाजमासारखा जाड थर सापडतो, आणि तो काढायला बाहेरची कॉइल बाजूला सरकवावी लागते. गॅसच्या नळ्यांवर ताण येऊ शकत असल्याने ते काम जाणत्या माणसासोबतच.

केमिकल कधी? सुकी धूळ असेल तर लागत नाही. तेलकट किंवा चिकट थर असेल, उदाहरणार्थ जवळच स्वयंपाकघराचा धूर बाहेर पडत असेल, तर कॉइलसाठीच बनवलेलं सौम्य, पाण्यात पूर्ण धुऊन जाणारं क्लीनर घ्या आणि बाटलीवर सांगितलेल्या प्रमाणात पातळ करा. आम्लाची 'ब्रायटनर' कॉइल झटकन चमकवतात, कारण ती घाणीसोबत ॲल्युमिनियमही खातात. त्यातल्या काहींमध्ये हायड्रोफ्लोरिक आम्ल असतं. ते कातडीतून आत शिरून हाडापर्यंत इजा करतं आणि सुरुवातीला दुखतही नाही. मायक्रोचॅनेलला उत्पादकाने नाव घेऊन मान्यता दिलेल्या क्लीनरशिवाय फक्त स्वच्छ पाणी. लेप असलेल्या कॉइललाही तोच नियम. केमिकल लावलं तर सांगितलेल्या मिनिटांपेक्षा जास्त ठेवू नका आणि धुताना, वाटतं त्याच्या दुप्पट वेळ पाणी सोडा. फिन्सच्या आत राहिलेलं केमिकल पुढचे कित्येक महिने कॉइल कुरतडत राहतं. ते पाणी कुठे जातं हेही आधी बघा. पावसाच्या पाण्याच्या नाल्यात सोडायची बहुतेक ठिकाणी मनाई असते.

समुद्राजवळच्या मशीनला नुसती धूळ नसते, मीठ असतं. मीठ डोळ्यांना दिसत नाही म्हणून धुलाई पुढे ढकलली जाते, आणि फिन्स बोटाने चुरगळण्याइतक्या ठिसूळ होतात. तिथे दर महिन्याला साध्या गोड्या पाण्याने नुसतं विसळून काढणं वर्षाकाठी एकदा केलेल्या जोरदार धुण्यापेक्षा फार उपयोगी.

धुऊन झाल्यावर एका बाजूला टॉर्च धरा आणि दुसऱ्या बाजूने बघा. स्वच्छ कॉइलमधून प्रकाश सगळीकडे सारखा येतो, अंधारे ठिपके दिसले की तिथे अजून घाण आहे. गोल नळ्यांच्या कॉइलमध्ये वाकलेल्या फिन्स फिन-कोंबने सरळ करता येतात. एका इंचात जितक्या फिन्स, तेवढ्याच दात्यांचा कोंब घ्यावा लागतो, चुकीचा घेतला तर फिन्स फाटतात. मायक्रोचॅनेलवर कोंब चालवू नका.

उन्हाळ्यात हाय प्रेशरवर ट्रिप होणाऱ्या चिलरवर दिवसभर पाइपाने पाणी मारत ठेवलेलं बऱ्याच ठिकाणी दिसतं. त्या दिवसापुरतं मशीन चालतं हे खरं. पण गरम फिन्सवर पाणी सुकत राहतं आणि त्यातले क्षार पांढरा थर धरतात. हा थर पाण्याने निघत नाही आणि आम्लाने काढायला गेलं की कॉइलही जाते. ट्रिपचं कारण शोधायचं असतं: घाणीने तुंबलेली कॉइल, फॅन बंद, गरम हवेचा फेरा, गॅस जास्त, किंवा सर्किटमध्ये शिरलेली हवा.

फॅन आणि पॅनल

मशीन कुलपात असतानाच फॅन हाताने फिरवून बघा. खरखर, डगमग, पात्याला चीर किंवा सैल झालेला हब दिसला तर लिहून कळवा. पॅनलमध्ये धूळ असेल तर व्हॅक्यूमने ओढा, ब्लोअरने उडवू नका. उडवलेली धूळ कॉन्टॅक्टरमध्येच जाऊन बसते. काळपट पडलेलं टर्मिनल, वितळलेलं इन्सुलेशन, खड्डे पडलेले कॉन्टॅक्ट हे डोळ्यांनी दिसतं. टर्मिनल आवळायचे ते टॉर्क रेंचने, सांगितलेल्या टॉर्कलाच. जोर लावून जास्त आवळलेला स्क्रूही पुढे सैल होतो.

व्होल्टेजचा असमतोल काढायला शिका. समजा तीन फेजमध्ये ४१०, ४१५ आणि ४०२ व्होल्ट आले. सरासरी ४०९. सरासरीपासून सगळ्यात लांबचा आकडा ४०२, म्हणजे ७ व्होल्टचं अंतर. ७ भागिले ४०९, साधारण १.७ टक्के. बहुतेक उत्पादक २ टक्क्यांची मर्यादा घालतात. व्होल्टेजमध्ये थोडा असमतोल असला तरी करंटमधला असमतोल त्याच्या कित्येक पट होतो आणि मोटरची वाइंडिंग तापते.

मेगर (वाइंडिंगचं इन्सुलेशन तपासणारा मीटर) नवख्याच्या कामातला नाही, पण दोन गोष्टी कानावर असू द्या. ड्राइव्ह किंवा सॉफ्ट स्टार्टर सोडवल्याशिवाय मेगर लावायचा नाही. आणि कॉम्प्रेसर व्हॅक्यूममध्ये असताना त्याच्या मोटरला कुठलंही व्होल्टेज द्यायचं नाही. आतल्या आत ठिणगी पडून वाइंडिंग जळते.

पाण्याची बाजू

इव्हॅपोरेटरमधून ७ अंशांचं पाणी निघतं तेव्हा आतला गॅस त्याहून काही अंश थंड असतो. पाण्याचा प्रवाह कमी झाला की नळीतलं पाणी गोठायला फारसा वेळ लागत नाही. गोठलेलं पाणी नळी फोडतं, पाणी गॅसच्या सर्किटमध्ये शिरतं, आणि तिथून कॉम्प्रेसरपर्यंत सगळं जातं. हे टाळणारं मुख्य उपकरण म्हणजे पाण्याचा प्रवाह कमी झाला की मशीन थांबवणारा फ्लो स्विच. मशीन सारखी फ्लोवर ट्रिप होते म्हणून फ्लो स्विचला वायर मारून तो बाजूला काढणारे लोक तुम्हाला भेटतील. कुणीही सांगितलं तरी हे करू नका.

फ्लोची तक्रार आली की आधी स्ट्रेनर (पाण्याच्या लाइनमधली गाळणी) बघा. त्याच्या अलीकडच्या-पलीकडच्या दाबातला फरक वाढला असेल तर जाळी भरली आहे. दोन्ही बाजूचे व्हॉल्व्ह बंद करून, दाब सोडून, मगच झाकण उघडा. प्लेट प्रकारच्या इव्हॅपोरेटरमध्ये वाटा फार अरुंद असल्याने तिथे बारीक जाळीचा स्ट्रेनर अत्यावश्यक. नळ्यांचे इव्हॅपोरेटर उघडून ब्रश मारणं आणि पाण्याची रासायनिक तपासणी ही ठरलेल्या वेळी तज्ज्ञांकडून होणारी कामं. तुम्ही पाण्याचा नमुना बाटलीत धरून बघू शकता. लालसर पाणी म्हणजे आत गंज चालू आहे.

गॅस आणि तेल: फक्त बघायचं

गॅससोबत तेल फिरतं, म्हणून जिथे गॅस गळतो तिथे तेलाचा डाग उमटतो. जोड, व्हॉल्व्हच्या टोप्या, कॉइलचे वळसे, गेजच्या नळ्या यांवर धूळ चिकटलेला तेलकट डाग शोधा आणि खूण करून कळवा. साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघता येतात. एवढंच नवख्याचं काम. गॅस काढणं-भरणं, तेल बदलणं, हाय प्रेशर स्विचचं सेटिंग आणि रिलीफ व्हॉल्व्ह यांना प्रशिक्षण आणि परवाना नसलेल्या माणसाने हात लावू नये. गॅस हवेत सोडून देणं बऱ्याच देशांत गुन्हा आहे, आणि व्हायलाही हवा: १०० वर्षांच्या हिशेबाने आर-४१०एचं एक किलो सुमारे २ टन कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता धरतं.

एक नियम मात्र पहिल्याच दिवशी पाठ करा. गळती तपासायला दाब द्यायचा तो कोरड्या नायट्रोजनचा, रेग्युलेटर लावून. ऑक्सिजन कधीही नाही. दाबाखालचा ऑक्सिजन आणि कॉम्प्रेसरचं तेल एकत्र आले की स्फोट होतो. या चुकीने माणसं गेली आहेत. कॉम्प्रेसरची साधी दाबलेली हवासुद्धा नको. सिलिंडरचा रंग बघून अंदाज बांधू नका, त्यावरचं नाव वाचा.

पुन्हा सुरू करणं

प्लास्टिकची झाकणं मोजून काढा. हत्यारं मोजा. पत्रे, जाळ्या, दारं सगळ्या स्क्रूंसह बसवा. एक पत्रा उघडा राहिला तरी हवा तिथूनच आत शिरते आणि कॉइलमधून पुरेशी जात नाही. सगळे जण मशीनपासून बाजूला आहेत हे डोळ्यांनी बघितल्यावर आपापली कुलपं काढा.

मशीन बराच काळ विजेविना राहिली असेल तर लगेच कॉम्प्रेसर सुरू करू नका. थंड तेलात गॅस विरघळलेला असतो, सुरू होताना तो उकळून फेस होतो आणि बेअरिंगला तेल मिळत नाही. तेलाचा हीटर मॅन्युअलमध्ये सांगितला तेवढा वेळ आधी चालू ठेवावा लागतो. लांब बंदीनंतर बऱ्याच मशीनला २४ तास सांगितलेले असतात. कुणी मेन केबल सोडवली असेल तर फेजचा क्रम तपासूनच पुढे जा. स्क्रोल आणि स्क्रू कॉम्प्रेसर उलटे फिरले की थोड्याच वेळात बिघडतात. मग आधी पंप, प्रवाह नीट झाल्यावर चिलर. फॅन हवा वरच फेकतायत ना, ते बघा.

धुतल्यावर लगेच घेतलेल्या नोंदी फसव्या असतात, कारण ओल्या कॉइलवर पाणी वाळताना आणखी थंडावा देतं आणि फरक विलक्षण कमी दिसतो. कॉइल पूर्ण कोरडी झाली, मशीन आधीइतक्याच भारावर आली की तेच आकडे पुन्हा लिहा. फरक १८ अंशांवरून १२वर आला असेल तर काम झालं. फारसा हलला नसेल तर धुण्यात कमी राहिली किंवा कारण दुसरंच आहे, आणि आता शोध फॅन आणि गॅसकडे वळवायचा.

धुवायचं कधी, याचं उत्तर कॅलेंडरमध्ये शोधण्यापेक्षा या वहीत शोधा. रोज एकाच वेळी, शक्यतो दुपारी भार जास्त असताना, फरक लिहीत जा. नुकत्याच धुतलेल्या कॉइलच्या आकड्यापेक्षा तो त्याच भाराला ३ ते ४ अंशांनी वाढला की धुलाईची तारीख ठरवा. धुळीच्या ठिकाणी हे दोन महिन्यांतच होईल, स्वच्छ ठिकाणी सहा महिने लागतील, आणि उन्हाळा सुरू होण्याआधी एक धुलाई मात्र आकडा काहीही असो.